पन्नास वर्षांनंतरची मंडळी

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना आपले वाचक दोन वाटांनी ओळखतात. एक वाट शाळेच्या क्रमिक पुस्तकातून जाते. तीवर फुलांच्या नि मुलांच्या कविता भेटतात. दुसरी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून जाते. तेथे भेटतो तो एक उदार, लहरी, घटकेत रागावणारा नि घटकेत विरघळणारा गृहस्थ, ज्याच्या हाती पैसा कधी टिकला नाही. तिसरे टिळक मात्र आपल्यापैकी फारसे कोणी पाहिलेले नाहीत. ते म्हणजे मंडळीची काळजी वाहणारे टिळक. 'मंडळी' हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक चर्च या अर्थी वापरतात, आणि आम्हांस तो मनापासून आवडतो. चर्च म्हटले की दगडी इमारत आणि घंटा डोळ्यांपुढे उभी राहते. मंडळी म्हटले की माणसे दिसू लागतात.

१८६१ साली कोकणात करजगाव येथे जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाने १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, त्यांच्यामागून गेल्या. पुढे टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत राहिले, शिकवू लागले, 'ज्ञानोदया'चे संपादन करू लागले, पदे व अभंग रचू लागले. इतके सर्व स्थिरस्थावर झाल्यावर, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी त्यांची योजना होती. साहेबाच्या पैशावर पोसलेली मंडळी या देशात परकीच राहणार, आणि तिच्यातून मिळणारा ख्रिस्तही लोकांस परकाच वाटणार, ही त्यांची तक्रार होती. त्यांस स्वतःस ख्रिस्त भेटला तो तुकोबांच्या वाटेने, असे ते उघड सांगत. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही.

ही गोष्ट एका कवीच्या लहरीची म्हणून सोडून देता आली असती. पण तिच्यामागे जवळजवळ शतकाचा इतिहास आहे आणि तो आमच्यासारख्या दस्तऐवज चाळणाऱ्या माणसास विशेष मनोरंजक वाटतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. नगरचे ठाणे १८३१ साली बसले. त्यांना पाठविणारी संस्था बोस्टनची. १८५४ च्या अखेरीस त्या संस्थेचे चिटणीस रुफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की मिशनऱ्याने कोठेही कायमचे राहू नये. त्याने मंडळी उभी करावी, तिच्यावर तेथलाच पाळक नेमावा आणि आपण पुढे जावे. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा, आपला प्रसार आपण करावा. लंडनमध्ये हेन्री व्हेन हे दुसऱ्या एका मिशनचे चिटणीस त्याच सुमारास हेच सांगत होते. त्या काळी कंपनी सरकार या देशातून कधी जाईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा दोन परदेशी कारकून (चिटणीस म्हणजे शेवटी कारकूनच) आपल्या माणसांस 'निघून येण्याच्या तयारीने काम करा' असे बजावीत होते, याचे आम्हांस नवल वाटते. अँडरसनसाहेबांच्या त्या भेटीने इंग्रजी शाळांवर गदा आली आणि त्यावरून मिशनऱ्यांतच पुष्कळ कुरबूर झाली, तो भाग निराळा.

धोरण कागदावर राहिले. व्यवहाराने दुसरी वाट धरली. नगर जिल्ह्यात मंडळीत आले ते बहुतांशी महार व मांग समाजातील लोक, ज्यांच्यापाशी जमीन नव्हती आणि गावकीची कामे करून जे मिळे त्यावर ज्यांचे पोट होते. १८७६-७७ चा दुष्काळ आला, १८९६-९७ चा आला, १८९९-१९०० चा तर छप्पन्नचा म्हणून अजून म्हाताऱ्या तोंडी आहे. अनाथ मुलांनी मिशनची वसतिगृहे भरून गेली. भुकेल्या माणसास स्वावलंबन शिकविणे क्रूरपणाचे झाले असते. परदेशातून पैसा आला, धान्य आले, आणि त्यांबरोबर सवयही आली. पाळकाचा पगार मिशनच्या बंगल्यातून येतो. मग वर्गणी कशासाठी द्यावयाची, असा प्रश्न ज्या पिढीस पडला तिला दोष देण्याचे धाष्टर्य आम्हांस होत नाही. टिळकांनी १९१७ साली जी बेडी तोडू पाहिली ती अशा रीतीने दयेच्या हातांनीच घडविली गेली होती.

येथे आमच्या वाचकांपैकी काहींच्या कपाळास आठी पडली असेल. विशेषतः गोव्याकडील वाचकांच्या. सासष्टीतील देवळे कशी मोडली गेली हे ज्यांच्या घराण्यांत तोंडी परंपरेने सांगितले जाते, ज्यांच्या मंगेशाचे लिंग १५६० साली कुशस्थळीहून झुआरीपार प्रियोळास न्यावे लागले, ज्यांची म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली, त्यांनी एखाद्या मंडळीच्या भवितव्याची काळजी का करावी? इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडता, बसले होते. आम्ही वकिलांनी तरी ते विसरू नये. पण त्याच सासष्टीत फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली रायतूर येथे मराठी ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापविले, हेही आम्ही विसरत नाही. आणि नगरची मंडळी म्हणजे सासष्टीचे राज्यशासन नव्हे. तिच्यापाशी तरवार कधीच नव्हती. होती ती शाळेची पाटी आणि दुष्काळातली ज्वारी. दोन्ही गोष्टी एकाच खात्यावर मांडणे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक होईल.

आता हा विषय आमच्या डोक्यात शिरला कसा, ते सांगतो. आम्ही सीमेवरच्या गावी वकिली करतो. फौजदारी कामे आम्ही फारशी घेत नाही. जमीन, वाटण्या, न्यास आणि देवस्थाने हाच आमचा चरितार्थ. दोन पावसाळ्यांपूर्वी एक वृद्ध पाळक आमच्याकडे आले. मूळचे नगर जिल्ह्याचे, इकडे येऊन पंचवीस वर्षे झालेली. त्यांची मंडळी लहान, चाळीसएक घरांची. कोणी शाळेत शिपाई, कोणी दवाखान्यात परिचारिका, कोणी गवंडी. तरुण मुले पुण्यास नि बेंगळुरास. पाळकसाहेबांनी पिशवीतून एक शाळकरी वही काढली. तीत पन्नास वर्षांचा हिशेब होता. मागचा नव्हे, पुढचा.

वहीतील योजना अशी. प्रत्येक घराने स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूस काढावा, रविवारी तो एकत्र करून विकावा आणि पैसे एका निधीत टाकावेत. ही कल्पना काही त्यांची नव्हे. मिझोरामच्या डोंगरांतील मंडळ्या १९१० पासून असेच करीत आल्या आहेत आणि त्या मुठींवर तेथे पाळक पोसले गेले आहेत. निधीच्या मुद्दलास पहिली तीस वर्षे कोणी हात लावावयाचा नाही. तीस वर्षांनी व्याजावर एका पाळकाचा निम्मा पगार निघावा, पन्नास वर्षांनी पुरा. मंडळीने स्वतःच्या पैशाने घेतलेली तीन गुंठे जागा होती. तीवर पाळकाचे घर व्हावे. आणि तोपर्यंत या चाळीस घरांत जन्मलेला एखादा मुलगा किंवा मुलगी पाळकपणाचे शिक्षण घेऊन परत यावी. वहीच्या शेवटच्या पानावर वेगळ्या शाईने लिहिले होते की उपासनेत पेटी नि तबला असावा, आणि टिळकांचे अभंग मुलांस पाठ यावेत.

आम्ही विचारले, "पाळकसाहेब, तुमच्या मोठ्या संस्थेकडे एवढ्या जमिनी आहेत. निधी त्यांच्याच नावे का टाकीत नाही?"

ते हसले. "वकीलसाहेब, ते तुम्हांलाच जास्त ठाऊक आहे."

ठाऊक होतेच. मिशनरी परत गेले तेव्हा त्यांच्या मिळकती निरनिराळ्या न्याससंस्थांच्या नावे झाल्या, आणि त्या मिळकतींवरून चाललेले दावे देशभर न्यायालयांच्या कपाटांत पडून आहेत. १९७० साली नागपुरास अनेक पंथांच्या मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्या वेळी गुजरातेतील ब्रेदरन मंडळीने विलीनीकरणाचा ठराव केला. तेवढ्याने तिची मिळकत नव्या संस्थेची झाली काय, हा वाद त्रेचाळीस वर्षे चालला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या ठरावाने न्यासाची मिळकत हलत नाही. सार्वजनिक न्यासाच्या कायद्याने सांगितलेली रीत पाळावीच लागते. आमच्या मते निकाल योग्यच आहे. परंतु ज्यांनी १९७० साली एकमेकांच्या गळ्यात गळा घालून प्रार्थना केली, त्यांच्या नातवंडांनी न्यायालयात समोरासमोर उभे राहावे, यात काहीतरी हळहळण्यासारखे आहे खास.

या जागी हिंदू देवस्थान व ख्रिस्ती मंडळी यांच्यातील एक कायदेशीर भेद सांगावासा वाटतो. आपला देव कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. त्याच्या नावे सातबारा होतो, तो दावा लावतो, त्याच्यावर दावा लागतो. फक्त तो कायमचा अज्ञान समजला जातो, आणि पालकाने त्याच्या हिताची काळजी वाहावी लागते. ख्रिस्ती मंडळीत प्रभूच्या नावे सातबारा निघत नाही. मिळकत विश्वस्तांची किंवा संस्थेची. आणि विश्वस्त मरतात, संस्था फुटतात. खाजगी माणसास आपली मिळकत किती पुढल्या पिढीपर्यंत बांधून ठेवता येईल यास १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मर्यादा घातली आहे. धर्मादायास मात्र ती मर्यादा नाही. सारांश, पन्नास वर्षांनंतरचा विचार करण्याची मुभा कायद्याने बापास थोडी आणि धर्मास पुष्कळ दिली आहे. पाळकसाहेब त्या मुभेचा उपयोग करू पाहत होते.

परदेशी पैशाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी मान हलविली. त्यासंबंधीचा पहिला कायदा १९७६ चा, त्याच्या जागी दुसरा २०१० चा, आणि २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला गेला. "सरकारने दार लावले म्हणून मी हे करतो असे समजू नका," ते म्हणाले. "दार उघडे असते तरी मी हेच केले असते. माझ्या आजीला मिशनच्या बंगल्यातून चादर मिळाली. ती तिने मरेपर्यंत वापरली. चादर चांगली होती. पण तिला वाटायचे, चर्च म्हणजे जिथे चादर मिळते ती जागा. मला वाटते, माझ्या नातीने म्हणावे, चर्च म्हणजे जिथे आपण मूठ घेऊन जातो ती जागा."

मग आम्ही तो प्रश्न विचारला, जो आमच्या देवस्थान समितीतील कोणीही विचारला असता आणि पुढे विचारलाही. या साऱ्या दूरदृष्टीच्या टोकास आम्ही सगळे ख्रिस्ती व्हावे अशी आशा आहे काय?

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही म्हटले तर खोटे होईल. मला जे मिळाले ते सगळ्यांना मिळावे असे मला वाटते. तुमच्या हरदासालाही तसेच वाटत असेल. पण माझी आशा निराळी आहे. आज या गावात कोणी आमच्या दारात आला तर लोक विचारतात, किती पैसे दिले? मी जाईन तेव्हा हा प्रश्न तरी संपलेला असावा. मंडळीच्या पेटीत कोणाला देण्यासारखे काही नाही, उलट येणाऱ्यालाच मूठ आणावी लागते, असे झाले म्हणजे मग जो येईल तो खरा येईल. कोणी नाही आला तरी चालेल."

हे उत्तर आम्ही आमच्या समितीपुढे जसेच्या तसे सांगितले. काहींस पटले, एकास नाही पटले. ते ज्येष्ठ सभासद म्हणाले, "वकीलसाहेब, गोड बोलणारा मनुष्य अधिक धोक्याचा." त्यांचा मान राखून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की जो मनुष्य आपली आशा आपल्या तोंडावर कबूल करतो, त्याच्याशी शेजारधर्म करणे सोपे असते. अडचण होते ती आशाच नाही असे सांगणाऱ्याची. आणि ज्या दिवशी पैशाचा संशय मधून निघून जाईल, त्या दिवशी उरलेला वाद फक्त तुकोबा आणि ख्रिस्त यांच्यातला असेल. तो वाद टिळकांनी स्वतःच्या हृदयात मिटविला, इतरांनी आपापल्या हृदयात आपापल्या रीतीने मिटवावा किंवा मिटवू नये.

न्यासपत्राचा मसुदा करण्यास तीन बैठका लागल्या. मुद्दलास हात न लावण्याचे कलम आम्ही घट्ट केले. विश्वस्तांत निदान दोन स्त्रिया असाव्यात ही त्यांची अट. मूठ स्त्रियाच काढून ठेवतात, तेव्हा हिशेब त्यांच्यापुढे व्हावा, हे त्यांचे कारण. शेवटच्या बैठकीत त्यांनी असे एक कलम मागितले, की मसुदा करणारी आमची लेखणी थांबली. ते म्हणाले, "पन्नास वर्षांनी ही मंडळी उरलीच नाही तर?"

कायद्यात याचे उत्तर आहे. धर्मादायाचा मूळ हेतू पुरा होणे अशक्य झाले तर न्यायालय त्या हेतूच्या जवळात जवळचा हेतू शोधून पैसा तिकडे वळविते. पण ते न्यायालयावर सोपविण्यास पाळकसाहेब तयार नव्हते. त्यांनी लिहून घेतले: चाळीस घरांपैकी सातापेक्षा कमी घरे उरली आणि सलग पाच वर्षे रविवारची उपासना झाली नाही, तर निधी व घर गावातील मुलांच्या अभ्यासिकेस जावे, मुले कोणत्याही जातीची, कोणत्याही धर्माची असोत. आम्ही विचारले, इतर मंडळ्यांस का नाही? ते म्हणाले, "तांदूळ या गावच्या दुकानातला आहे."

देवस्थानांच्या पुष्कळ घटना आम्ही वाचल्या आहेत, काही लिहिल्याही आहेत. गोव्यातील माझनियांचे १९३३ चे नियमही आमच्या टेबलावर असतात. महाजनांचे हक्क, पालखीच्या वेळचा मान, प्रसादाचा क्रम, यांवर त्यांत पाने भरलेली असतात. देवस्थान बंद पडले तर काय, असा विचार त्यांत कोठे आढळत नाही, आणि आढळू नये. देव अनादि आहे, त्यास कोणी बंद करू शकत नाही. परंतु देवाच्या पुजाऱ्यास पगार कोण देणार, हा विचार अनादि नाही, आणि तोही फारसा आढळत नाही. आमच्या कुलदेवतेचे देऊळ गोव्यात आहे. त्याचा खर्च मुंबईच्या भक्तांच्या देणग्यांवर चालतो, नवे सभागृह परदेशी गेलेल्या एका कुटुंबाने बांधून दिले. सभागृहात वातानुकूलन आहे. नंदादीपाच्या तेलासाठी मात्र दर श्रावणात समितीस पत्रे धाडावी लागतात, आणि पुजाऱ्याच्या मुलाने यंदा पणजीस औषधांच्या दुकानात नोकरी धरली. बोस्टनच्या पैशावर चालणाऱ्या मंडळीबद्दल टिळकांनी जे म्हटले, ते मुंबईच्या पैशावर चालणाऱ्या देवळासही लागू पडते काय, हा प्रश्न मनात आल्यावर तो दाबून ठेवणे आमच्या स्वभावात नाही. झुआरी ओलांडून देव नेणाऱ्या आपल्या पूर्वजांनी देवाबरोबर त्याच्या नैवेद्याचीही तजवीज केली असलीच पाहिजे. नाहीतर तो नव्या गावी चारशे वर्षे उपाशी राहिला असता.

टिळकांच्या दरबाराचे पुढे काही झाले नाही, असे वर लिहिले. पण त्यांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते, ते थोडे अध्याय होऊन राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्या बाईस सासरी येईपर्यंत नीट वाचता येत नव्हते, तिने नवऱ्याचे अपुरे काव्य पुढे चालविले, आणि त्यातील कितीतरी मोठा भाग तिच्या हातचा आहे. १९३६ साली त्या वारल्या. पाळकसाहेबांच्या मंडळीत त्या काव्याची एक जुनी प्रत आहे, पुठ्ठा निघालेली. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात ती रात्री पाळीपाळीने वाचतात, जशी आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात. आम्हांस आमंत्रण आले होते. आम्ही गेलो, मागच्या बाकावर बसलो. एक परिचारिका वाचीत होती. ओवीच्या शेवटी तिचा आवाज नगरकडच्या ढंगाने किंचित लांबत होता.

न्यासपत्राची नोंदणी झाली. पहिल्या वर्षी चाळीस घरांपैकी एकतीस घरांतून मूठ आली. पाळकसाहेबांनी वहीत तसेच लिहिले आहे, आणि उरलेल्या नऊ घरांसमोर रकाना मोकळा सोडला आहे. आमच्या देवस्थानापुढे आम्ही एक ठराव ठेवला आहे: नंदादीप आणि पुजाऱ्याचे वेतन यांचा खर्च महाजन घरांच्या वार्षिक वर्गणीतूनच व्हावा, बाहेरच्या देणग्या फक्त बांधकामास लागाव्यात. मागील सर्वसाधारण सभेत गणसंख्या पुरी न झाल्यामुळे तो पुढे ढकलला गेला. पुढील सभा पौषात आहे.